हँग झालेले यंत्र सोडवणे आणि संगणकाचा लॉग-ऑन पडदा मनासारखा करणे

कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबण्याची सोय आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने केली. तो संगणक १९८१ साली बाजारात आला आणि त्या वेळी या कळांचे काम एकच होते, ते म्हणजे अडकून बसलेला संगणक वीज न तोडता पुन्हा सुरू करणे. पुढे १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीने हेच त्रिकूट उचलून लॉग-ऑनच्या दारावर बसवले, कारण या कळांची खबर थेट ऑपरेटिंग सिस्टीमला जाते आणि मधला कोणताही साधा प्रोग्राम ती अडवू शकत नाही. त्यामुळे एखाद्याने हुबेहूब लॉग-ऑनसारखा दिसणारा बनावट पडदा उघडून ठेवला, तरी या कळा दाबताच खरा पडदा समोर येतो. अडकलेले यंत्र सोडवणे आणि लॉग-ऑनचा पडदा बदलणे हे दोन विषय म्हणूनच एकाच लेखात घेतले आहेत. दोन्हींत आपण रोजच्या प्रोग्रामांच्या खालच्या थराशी व्यवहार करत असतो, आणि दोन्हींत घाई महागात पडते. पुढील सूचना मुख्यतः विंडोज १० आणि ११ गृहीत धरून दिल्या आहेत. मोबाइल, मॅक आणि लिनक्स यांविषयी जेथे वेगळे सांगण्यासारखे आहे, तेथे ते सांगितले आहे.

नेमके काय अडकले आहे ते आधी पाहावे

‘हँग झाला’ असे आपण किमान चार वेगवेगळ्या अवस्थांना म्हणतो. कधी एकच प्रोग्राम अडकलेला असतो, कधी टास्कबार आणि डेस्कटॉप प्रतिसाद देत नाहीत, कधी आत सगळे सुरळीत चालू असून केवळ पडद्यावरचे चित्र गोठलेले असते, आणि कधी खरोखरच संपूर्ण यंत्रणा थांबलेली असते. या चारही अवस्थांवरचे उपाय वेगळे आहेत, परंतु बहुतेक जण पहिल्याच अवस्थेत चौथ्या अवस्थेचा उपाय करतात, म्हणजे पॉवरचे बटण दाबून धरतात.

ओळखण्याची सर्वांत सोपी खूण कळफलकावरच असते. कॅप्स लॉकची कळ दोन-तीन वेळा दाबावी आणि तिचा दिवा पाहावा. हा दिवा कळफलक स्वतःहून लावत नाही. तो लावण्याचा हुकूम ऑपरेटिंग सिस्टीमकडून यावा लागतो. दिवा लागत आणि विझत असेल, तर आतली यंत्रणा अजून जागी आहे आणि काम वाचवण्याची आशा आहे. दिवा जसाच्या तसा राहिला, माऊसचा बाणही हलेना आणि एखादा आवाज वाजत असताना तोच तुकडा करवतीसारखा पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागला, तर सगळेच थांबले आहे असे धरून चालावे.

मात्र या परीक्षेआधी दोन फसव्या गोष्टी वगळाव्यात. पहिली म्हणजे वायरलेस माऊस किंवा कळफलकाची उतरलेली बॅटरी. ती फार क्षुल्लक वाटते म्हणूनच शेवटी आठवते. दुसरी कमी माहितीची आहे. उजवीकडची शिफ्ट कळ ८ सेकंद दाबून धरली की विंडोज ‘फिल्टर कीज’ ही सोय चालू करायची का, असे विचारते. ही सोय हात थरथरणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. ती चालू असताना झटकन दाबलेली कळ मोजली जात नाही. माझ्या टेबलावर एकदा एका जाड वहीचा कोपरा त्या कळेवर टेकला होता, समोर आलेल्या प्रश्नाला मी न वाचताच एंटर दाबून होकार दिला, आणि नंतरचा अर्धा तास कळफलक बिघडला म्हणून केबल काढघाल करण्यात घालवला. कळ किंचित जास्त वेळ दाबून धरल्यावर अक्षर उमटत असेल, तर हाच प्रकार आहे असे समजावे आणि सेटिंग्जमधील ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या विभागात, विंडोज १० वर ‘ईझ ऑफ अ‍ॅक्सेस’ या विभागात, जाऊन ती सोय बंद करावी.

यानंतरची पायरी म्हणजे काहीही न करता दोन ते तीन मिनिटे थांबणे. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, पण त्यामागे कारण आहे. एखाद्या विंडोने ५ सेकंद कोणत्याही संदेशाला उत्तर दिले नाही, की विंडोज तिच्यावर फिकट पांढरट छटा आणून शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे लिहिते. याचा अर्थ प्रोग्राम मेला असा होत नाही. तो एखादी मोठी फाइल वाचत असेल, हजारो सूत्रांची पुनर्गणना करत असेल किंवा बंद पडलेल्या नेटवर्कची वाट पाहत असेल, तरीही हीच पाटी झळकते. या काळात केलेले क्लिक वाया गेले असे वाटते, पण त्यांतले बरेचसे रांगेत जमा होतात, आणि प्रोग्राम शुद्धीवर आला की तो ते एकामागून एक पाळू लागतो. वैतागून एकाच जागी दहा वेळा क्लिक केले असेल, आणि तेवढ्यात त्या जागी ‘बदल जतन न करता बंद करा’ हे बटण आले, तर उरलेल्या क्लिकांपैकी एक त्यावर पडतो. असे गमावलेले काम परत मिळवण्याचा खात्रीचा मार्ग नसतो.

पायरी पायरीने वर चढावे

थांबूनही फरक पडला नाही, तर सौम्य उपायापासून सुरुवात करावी. ऑल्ट धरून टॅब दाबावे आणि उघड्या विंडो एकेक करून पाहाव्यात. अनेकदा प्रोग्राम अडकलेला नसतोच. त्याने एक छोटासा प्रश्न विचारलेला असतो आणि ती चौकट दुसऱ्या विंडोच्या मागे, किंवा आता जोडलेल्या नसलेल्या दुसऱ्या मॉनिटरच्या जागेत, उघडलेली असते. ती सापडली नाही तरी एस्केप कळ एकदा दाबून पाहावी. चौकट रद्द होते आणि प्रोग्राम लगेच मोकळा होतो. ब्राउझरमध्ये एकच पान अडकले असेल, तर क्रोमला स्वतःचा टास्क मॅनेजर असतो, तो शिफ्ट आणि एस्केप दाबून उघडतो आणि त्यातून तेवढेच पान बंद करता येते.

प्रोग्राम खरोखर अडकला असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळांनी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा. येथेही लगेच ‘एंड टास्क’ दाबू नये. अडकलेल्या प्रोग्रामच्या ओळीतले मेमरी आणि डिस्क या स्तंभांतले आकडे अर्धा मिनिट पाहावेत. ते हलत असतील, तर काम चालू आहे आणि आणखी थांबणे शहाणपणाचे आहे. सर्व आकडे शून्याशी निपचित पडले असतील, किंवा प्रोसेसरचा आकडा एकाच जागी खिळलेला असून बाकी काहीच हलत नसेल, तर प्रोग्राम बहुधा कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत आहे किंवा एखाद्या न संपणाऱ्या फेऱ्यात सापडला आहे. तेव्हा तो बंद करण्यावाचून गत्यंतर नसते.

बंद करण्यापूर्वी मोबाइलने पडद्याचा फोटो काढून ठेवावा. अडकलेल्या विंडोतला मजकूर बहुधा पडद्यावर दिसत असतो, आणि जतन न केलेले शेवटचे दोन परिच्छेद त्या फोटोवरून पुन्हा टंकता येतात. वर्डसारख्या प्रोग्रामांची स्वयंचलित नोंद, कोणी बदललेली नसल्यास, दर १० मिनिटांनी होते. म्हणजे सर्वांत वाईट प्रसंगी जवळजवळ १० मिनिटांचे लेखन तिच्यात नसते. तेवढी उणीव हा फोटो भरून काढतो.

टास्कबार, स्टार्ट मेनू आणि डेस्कटॉपवरची चिन्हे अडकली असून बाकीचे प्रोग्राम चालू असतील, तर टास्क मॅनेजरच्या यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधावा, त्यावर उजवे क्लिक करावे आणि ‘रीस्टार्ट’ निवडावे. क्षणभर टास्कबार नाहीसा होऊन परत येतो आणि उघड्या फाइलींना धक्का लागत नाही. पडदाच काळा झाला असेल किंवा चित्र फाटल्यासारखे दिसत असेल, तर विंडोज कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात. त्यांनी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागाला चालवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. पडदा एकदा लुकलुकतो, बहुधा छोटीशी बीप ऐकू येते, आणि नुसते चित्रच गोठले असेल तर ते परत येते. ही जुळणी फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त काम तीच वाचवते.

एवढ्याने भागले नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबावे. निळा किंवा गडद पडदा येऊन त्यावर ‘साइन आउट’ आणि ‘टास्क मॅनेजर’ हे पर्याय दिसले, तर आधी साइन आउट करून पाहावे. तेही होत नसेल, तर उजवीकडे खालच्या कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हावर कंट्रोल कळ दाबून धरूनच क्लिक करावे. विंडोज ‘इमर्जन्सी रीस्टार्ट’ करायचा का असे विचारते. यात जतन न केलेले काम जाते. तरीही पॉवर बटणाकडे वळण्यापूर्वीचा हा शेवटचा टप्पा म्हणून तो वापरून पाहावा.

पॉवरचे बटण किमान १० सेकंद, यंत्र पूर्ण शांत होईपर्यंत, दाबून धरावे. नुसते दाबून सोडल्यास संगणक झोपी जाण्याची आज्ञा घेतो आणि अडकलेला असल्यामुळे तीही पाळत नाही. मात्र पडद्यावर अपडेट चालू असल्याची सूचना आणि टक्केवारी दिसत असेल, तर हा मार्ग वापरू नये. टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर थांबणे हे अपडेटमध्ये नेहमीचेच आहे, आणि अर्धवट बदललेल्या सिस्टीम फाइलींवर वीज तोडणे म्हणजे साध्या अडचणीचे मोठ्या दुरुस्तीत रूपांतर करणे होय. चार्जर जोडलेला ठेवून ते यंत्र एक-दोन तास तसेच सोडून द्यावे.

मॅकवर हाच क्रम थोड्या वेगळ्या कळांनी चालतो. कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबले की अडकलेला प्रोग्राम सक्तीने बंद करण्याची यादी येते, आणि सगळेच थांबले असेल तर पॉवर किंवा टच आयडीचे बटण दाबून धरावे. लिनक्सवर चित्रमय पडदा गोठला, तरी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ दाबून मजकुराचा कन्सोल बहुधा मिळतो, आणि तेथून अडकलेला प्रोग्राम मारता येतो.

पुन्हा पुन्हा अडकत असेल तर

महिन्यातून एखाद्या वेळी अडकणारा संगणक रीस्टार्ट करून विसरून जाण्यास हरकत नाही. आठवड्यातून तीनदा अडकत असेल, तर कारण शोधावे. स्टार्ट मेनूच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ असे इंग्रजीत टंकले की विश्वासार्हतेचा इतिहास उघडतो. त्यात प्रत्येक दिवसाखाली कोणता प्रोग्राम कोसळला, कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट बसवले गेले, हे खुणांसह दिसते. लाल खुणा ज्या तारखेपासून सुरू झाल्या, तिच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय नवीन बसवले, ते पाहिले की बहुतेक वेळा अपराधी सापडतो. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या विंडोजच्या नोंदवहीमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून मात्र गोंधळू नये. ती नोंद इतकेच सांगते की मागच्या वेळी संगणक नीट बंद न होता थांबला, आणि ते तर आपणच पॉवर बटण दाबून घडवलेले असते.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. ‘शट डाउन’ करून सकाळी पुन्हा चालू केले म्हणजे संगणक ताजातवाना झाला, असे वाटते. पण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, आणि बहुतेक यंत्रांवर तो मुळातच चालू असतो, तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच स्थिती परत उचलतो. ड्रायव्हरमधली गाठ जशीच्या तशी परत येते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सर्व काही नव्याने उभे राहते, त्यामुळे अडचण सोडवण्यासाठी बंद-चालू करायचे असेल तर रीस्टार्टच निवडावा.

सिस्टीमच्या फाइली बिघडल्याचा संशय असल्यास टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची विंडो, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून इंग्रजी अक्षरांत एसएफसी, मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ अशी आज्ञा द्यावी; ती बिघडलेल्या फाइली शोधून मूळ प्रतींनी बदलते. मेमरीसाठी विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे. डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल किंवा साधी फाइल उघडतानाही संगणक थबकत असेल, तर कोणतीही दुरुस्ती करण्याआधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण मरणोन्मुख डिस्कवर लांबलचक तपासणी चालवणे हेच तिच्या शेवटाचे निमित्त ठरू शकते.

मोबाइल आणि इतर उपकरणे

फोन गोठल्यावर करायचा तो सक्तीचा रीस्टार्ट, आणि त्याचा फॅक्टरी रीसेटशी काही संबंध नाही. दोन्हींना लोक ‘रीसेट’ म्हणतात, म्हणून हा खुलासा करणे आवश्यक आहे: पहिल्याने माहिती पुसली जात नाही, दुसऱ्याने सगळी पुसली जाते. अँड्रॉइड फोनवर पॉवरचे बटण, किंवा पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र, पडदा काळा होऊन फोन कंप पावेपर्यंत धरून ठेवावे. याला काही फोनवर १० तर काहींवर ३० सेकंदही लागतात. बटणांची जुळणी किंवा वेळ चुकून रिकव्हरीचा मेनू उघडला, तर घाबरू नये. ‘रीबूट सिस्टीम नाऊ’ हाच पर्याय निवडावा आणि ‘वाइप डेटा’ या ओळीपासून दूर राहावे.

आयफोनची रीत पिढीप्रमाणे बदलली आहे. आयफोन ८ पासून पुढच्या सर्व फोनवर आवाज वाढवण्याचे बटण दाबून लगेच सोडावे, मग आवाज कमी करण्याचे बटण दाबून लगेच सोडावे, आणि त्यानंतर बाजूचे बटण अ‍ॅपलचे चिन्ह दिसेपर्यंत धरून ठेवावे. मध्येच फोन बंद करण्याची सरकपट्टी दिसते, तेव्हा अनेक जण बोट उचलतात; तसे न करता धरूनच ठेवावे. आयफोन ७ वर आवाज कमी करण्याचे आणि बाजूचे बटण एकत्र धरतात, कारण त्याचे होम बटण प्रत्यक्षात दबतच नाही, आणि गोठलेल्या फोनला ते ओळखताही येत नाही. त्याआधीच्या फोनवर होम आणि पॉवर ही जोडी चालते.

किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या उपकरणाचे पॉवर बटण ४० सेकंद धरावे लागते. राउटर आणि टीव्ही यांची वीज भिंतीतूनच काढून एक मिनिट थांबावे. रिमोटने बंद केलेला टीव्ही नुसता डुलकी घेत असतो, आणि आतल्या कपॅसिटरांत साठलेला विद्युतभार संपायलाही काही क्षण लागतात.

लॉग-ऑनचा पडदा

आता दाराकडे वळू. विंडोज १० आणि ११ मध्ये एक नव्हे, दोन पडदे असतात, आणि हे लक्षात न घेतल्यामुळे बऱ्याच सूचना निरुपयोगी ठरतात. घड्याळ आणि मोठे चित्र असलेला पहिला पडदा म्हणजे लॉक स्क्रीन. कळ दाबल्यावर तो वर सरकतो आणि नाव, फोटो व पासवर्डची चौकट असलेला दुसरा पडदा येतो, तो साइन-इनचा. सेटिंग्ज उघडून ‘पर्सनलायझेशन’ आणि त्यात ‘लॉक स्क्रीन’ येथे गेले की पहिल्या पडद्यासाठी तीन पर्याय मिळतात: मायक्रोसॉफ्टकडून बदलती चित्रे आणणारे ‘स्पॉटलाइट’, आपले एक चित्र, किंवा एखाद्या फोल्डरातली चित्रमाला. त्याच पानावर खाली ‘साइन-इन स्क्रीनवर लॉक स्क्रीनचे चित्र दाखवा’ अशा अर्थाचे बटण आहे. ते चालू केल्याशिवाय दुसऱ्या पडद्यावर ते चित्र येत नाही. विंडोज सक्रिय केलेले नसल्यास हा सगळा विभाग बंद असतो, आणि कार्यालयाच्या संगणकावर तो व्यवस्थापकाने कुलूपबंद केलेला असू शकतो.

चित्र निवडताना ते पडद्यावर कसे बसेल याचा विचार करावा. मोबाइलने उभा धरून काढलेला फोटो आडव्या पडद्यावर भरला की त्याचा वरचा आणि खालचा भाग कापला जातो, आणि बहुधा माणसांची डोकीच जातात. त्यामुळे फोटो आधी १६ः९ या प्रमाणात, म्हणजे निदान १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, कापून घ्यावा. शिवाय विंडोज ११ वर घड्याळ वरच्या बाजूला मध्यभागी येते आणि पासवर्डची चौकट मधोमध येते. म्हणून ज्या चित्रातला विषय डाव्या किंवा उजव्या तिसऱ्या भागात आहे आणि मध्यभागी मोकळे आकाश, पाणी किंवा भिंत आहे, असे चित्र येथे सर्वांत शोभते.

साइन-इनच्या पडद्यावर ते चित्र धूसर दिसते म्हणून अनेक जण फाइलच खराब आहे असे समजतात. ही धूसरता २०१९ सालच्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून मुद्दाम आणलेली आहे. ती नको असेल, तर ‘पर्सनलायझेशन’मधील ‘कलर्स’ या पानावर जाऊन ‘ट्रान्स्परन्सी इफेक्ट्स’ बंद करावेत. त्याबरोबर टास्कबार आणि मेनू यांची पारदर्शकताही जाते, पण जुन्या यंत्रावर तो तोटा म्हणता येणार नाही.

चित्रापेक्षा मला दारावर काय लिहिलेले दिसते हे अधिक महत्त्वाचे वाटते. ‘अकाउंट्स’मधील ‘साइन-इन ऑप्शन्स’ या पानावर, साइन-इनच्या पडद्यावर ईमेलचा पत्ता दाखवावा की नाही हे ठरवणारे बटण आहे. ते बंदच ठेवावे. ‘सिस्टीम’मधील ‘नोटिफिकेशन्स’ येथे लॉक स्क्रीनवर सूचना दाखवण्याची सोय बंद करता येते, म्हणजे टेबलाजवळून जाणाऱ्याला आपल्या संदेशांची पहिली ओळ वाचता येत नाही. याउलट, हरवलेला लॅपटॉप परत मिळावा म्हणून संपर्काचा मजकूर दारावर मुद्दाम लावता येतो. प्रो आवृत्तीत ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’ उघडून ‘लोकल पॉलिसीज’ आणि त्यात ‘सिक्युरिटी ऑप्शन्स’ येथे जावे; ‘इंटरअ‍ॅक्टिव्ह लॉगऑन’ने सुरू होणाऱ्या ओळींत संदेशाचे शीर्षक आणि संदेशाचा मजकूर अशा दोन ओळी आहेत. होम आवृत्तीत हे साधन नसते, म्हणून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा, बदलणाऱ्या रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, सिस्टम असे उतरत जावे. तेथे ‘लीगल नोटिस कॅप्शन’ आणि ‘लीगल नोटिस टेक्स्ट’ या दोन नोंदी असतात. मजकूर एकाच वाक्याचा ठेवावा, कारण प्रत्येक साइन-इनच्या वेळी तो ‘ओके’ दाबून पुढे ढकलावा लागतो. मॅकवर हीच सोय सेटिंग्जच्या ‘लॉक स्क्रीन’ या पानावर सरळ उपलब्ध आहे.

मराठीत टंकणाऱ्यांना एक खास अडचण येते. कळफलकाची भाषा देवनागरी राहिली, तर साइन-इनच्या चौकटीत पासवर्डच्या जागी भलतीच अक्षरे जातात, आणि ठिपक्यांमुळे ती दिसतही नाहीत. माणूस पासवर्ड विसरलो असे समजून बसतो. चौकटीच्या उजव्या टोकाचे डोळ्याचे चिन्ह दाबून टंकलेले पाहावे, आणि विंडोज कळ व स्पेस दाबून भाषा बदलावी. कायमचा उपाय हवा असेल, तर सेटिंग्जमधील ‘टाइम अँड लँग्वेज’ येथून भाषेच्या प्रशासकीय सेटिंग्जकडे जावे. ‘कॉपी सेटिंग्ज’ हे बटण दाबल्यावर साइन-इनच्या पडद्याला सध्या कोणता कळफलक लावला आहे ते दिसते. आपल्या खात्याचा मुख्य कळफलक इंग्रजी असताना तेथे ‘वेलकम स्क्रीन अँड सिस्टीम अकाउंट्स’ या खुणेवर टिक करावी, म्हणजे तोच क्रम दारावरही लागू होतो.

ज्यांना सुरुवातीला सांगितलेली तीन कळांची अट परत हवी आहे, त्यांनी विंडोज कळ आणि आर दाबून इंग्रजीत नेटपीएलविझ असे टंकावे, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या पानावर जावे आणि ‘सिक्युअर साइन-इन’खालच्या चौकटीत टिक करावी.

विंडोज ७ च्या काळात हे काम वेगळ्या पद्धतीने होत असे: रजिस्ट्रीत एक नोंद १ करायची आणि सिस्टीमच्या एका आतल्या फोल्डरात ठरावीक नावाचे, २५६ केबीपेक्षा लहान जेपीजी चित्र ठेवायचे. त्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी ती कृती आणि ती आपोआप करून देणारे जुने प्रोग्राम अजून फिरत असतात. विंडोज १० किंवा ११ वर ते चालवू नयेत. अशी काही साधने सिस्टीमच्या फाइलीच बदलतात, पुढचे अपडेट त्या फाइली पुन्हा बदलते, आणि दोघांच्या ओढाताणीत साइन-इनचा पडदाच उघडत नाही. लिनक्सवर मात्र अशी उसनवारी करावी लागत नाही. केडीई हा डेस्कटॉप आणि लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती यांच्या सेटिंग्जमध्येच लॉग-इनच्या पडद्याचे चित्र आणि मांडणी बदलण्याचे स्वतंत्र पान आहे.

दारच अडकले तर

रजिस्ट्रीला किंवा पॉलिसीला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी करून ठेवाव्यात. स्टार्टच्या शोधपट्टीतून ‘क्रिएट अ रीस्टोर पॉइंट’ उघडून एक रीस्टोर पॉइंट, म्हणजे सिस्टीमला नंतर ज्या स्थितीत परत नेता येईल अशी नोंद, तयार करावा. त्याच चौकटीत मुख्य ड्राइव्हसाठी संरक्षण बंद दिसले, तर ते आधी चालू करावे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेले दुसरे खाते उघडावे, म्हणजे एका खात्याची माहिती बिघडली तरी आत जाता येते. आणि डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने सांकेतिक रूपात बंदिस्त असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून, त्या संगणकापासून वेगळी ठेवावी, कारण दुरुस्तीच्या पडद्यावर गेल्यावर ती विचारली जाऊ शकते.

मग एखाद्या दिवशी साइन-इनचा पडदा काळा राहिला किंवा गोठला, तर आधी ग्राफिक्सच्या त्या चार कळा, मग तीन कळा, हाच क्रम येथेही चालवावा. पडद्याच्या कोपऱ्यातले पॉवरचे चिन्ह दिसत असेल, तर शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करावे. तेही दिसत नसेल, तर विंडोज सुरू होत असतानाच पॉवर बटण धरून बंद करणे दोन-तीन वेळा केल्यास पुढच्या वेळी दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथे ‘ट्रबलशूट’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या वाटेने जाऊन ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ निवडले आणि रीस्टार्टनंतर ४ ही कळ दाबली, की संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढेच भाग घेऊन, उघडतो. साइन-इन करून केलेला बदल हाताने मागे घ्यावा. सेफ मोडही उघडला नाही, तर त्याच ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ‘सिस्टीम रीस्टोर’ चालवून आधी केलेला पॉइंट निवडावा. त्यानंतर बसवलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातात, पण दस्तऐवज आणि छायाचित्रे यांना तो हात लावत नाही.